डेलाचे गाऊन कोणी शिवले

डेला फेन्विकचे गाऊन पॅरिसहून येत असं तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते खोटं आहे. निदान पहिल्या सात वर्षांपुरतं तरी खोटंच. ते गाऊन न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीत, हार्लेममध्ये, १३८व्या रस्त्यावर, मिस्टर प्रिओलोंच्या अंत्यविधीच्या दुकानावरच्या तीन खिडक्यांच्या खोलीत शिवले जायचे. त्यांच्या घेराची कड मी माझ्या हाताने दुमडलेली आहे. माझं नाव मॉझेल टेट. जॉर्जियातून आले तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि आल्यापासून एकोणीस वर्षं मी मिस लिओन्टीन गिल्यार्ड यांच्याकडे हातशिलाई केली.

मिस लिओन्टीन मूळच्या चार्ल्स्टनच्या. उंच, हाडापेराने मोठ्या. अंगावर कायम करड्या रंगाचा सैल झगा आणि मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली. इतरांना इतकं नटवणाऱ्या बाईने स्वतःसाठी कधी काही शिवलेलं मी पाहिलं नाही. त्या आधी सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरच्या एका मोठ्या कपड्याच्या पेढीत तेरा वर्षं होत्या. मागच्या खोलीत पुतळ्यावर कापड लावून त्या नवे पोशाख उभे करायच्या. वर जायचं ते मालाच्या लिफ्टने. खरेदीला दुकानदार आले की मालक त्यांना कापडाच्या कोठारात जाऊन थांबायला सांगायचा, आणि मग दाराआडून त्यांना आपल्याच गाऊनची तारीफ ऐकू यायची, मालकाच्या नावाने. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत. एकोणीसशे एकावन्न साली ते सोडून त्यांनी आपली खोली थाटली.

आम्ही दक्षिणेकडचे लोक लग्न झालेल्या मोठ्या बाईलाही मानाने मिस म्हणतो. त्यांचा नवरा आगगाडीच्या शयनयान डब्यात कामाला होता. एका फेरीला शिकागोला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा विषय कोणी काढत नसे. त्या कामाच्या खोलीमागच्या छोट्या खोलीत एकट्या राहायच्या. दिवसभर आम्ही तिघीचौघी शिवायला, गिऱ्हाइकांची ये-जा, ईस्टरच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसायची. सहा वाजले की सगळ्या आपापल्या घरी. जिना उतरताना मी कधी मागे वळून पाहिलं, तर त्या जमिनीवर बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत असायच्या.

डेला आली ती सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत. एकोणीस वर्षांची, आमच्याच चर्चमध्ये गाणारी, काडीसारखी पोर. काखेत स्वस्तातल्या चकचकीत कापडाचं पुडकं. बुधवारी १२५व्या रस्त्यावरच्या थिएटरात नवख्यांची स्पर्धा असायची, तिथे गायचं होतं. मिस लिओन्टीननी पुडकं उघडलं, कापडाला बोट लावलं आणि तसंच पुन्हा बांधून ठेवलं. याचे पडदे कर, म्हणाल्या. मग कपाटातून फिकट हिरवं रेशीम काढलं. कोणासाठी तरी जपून ठेवलेलं असावं, कारण कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

माप घेताना त्या थांबल्या. डेलाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. लहानपणी ओट्यावरून पडून गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि गावात डॉक्टर काळ्यांच्या मुलांना हात लावत नसे, म्हणून ते जसं जुळलं तसं जुळलं. डेला लाजली. आत काहीतरी भरून खांदा वर घ्या, म्हणाली. मिस लिओन्टीन म्हणाल्या, भरायचं काही नाही. त्यांनी कापड तिरकं धरलं, उजव्या खांद्यावरून घेऊन छातीवर सोडलं आणि डाव्या खांद्याखाली अशी एक पडती चूण घातली की खांदा मुद्दाम खाली सोडलाय असं वाटावं. जणू ती बाई आत्ताच कोणाच्या तरी कानात काही सांगायला वाकली होती. मी हातातली सुई तशीच धरून बघत राहिले.

डेला जिंकली. पुढच्या वर्षी तिची पहिली तबकडी आली, मग दुसरी, मग ती गावोगाव जाऊ लागली. जिथे जाईल तिथे अंगावर गाऊन आमच्या खोलीतला. ती तिरकी चूण हीच तिची ओळख झाली. साठ-एकसष्ट सालापर्यंत फिफ्थ ॲव्हेन्यूच्या काचांमागे तसे गाऊन दिसायला लागले. मासिकांत त्याला ‘डेला ड्रेप’ म्हणायला लागले. मी एकदा बसमधून उतरून एका दुकानासमोर उभी राहिले होते. त्यांनी चूण दोन्ही खांद्यांवर सारखी घातली होती. ती चूण मुळात कशासाठी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

डेला गावात असली की रविवारी चर्च सुटल्यावर माप द्यायला यायची. रविवारी मिस लिओन्टीन सुईला हात लावत नसत. फक्त टाचण्या चालायच्या. त्याआधी जेवण. कापायच्या टेबलावर कागद पसरून त्यावर चार्ल्स्टनकडचा टोमॅटोतला तांबडा भात, भेंडी, आणि मिळाले तर खेकडे. मला बोलवायच्या, कधी मी जायचे, कधी माझ्या घरचं असायचं. डेला बोटं चाटत गावोगावच्या गमती सांगायची. मेम्फिसचा मॅनेजर तिला मोलकरीण समजून भांडी दाखवायला घेऊन गेला, अशा. मिस लिओन्टीन हसल्या की त्यांचा अख्खा देह हलायचा, आवाज मात्र यायचा नाही. आठवड्यातून एकदाच त्या तशा हसायच्या. डेला दौऱ्यावर असली की त्या रविवारी काय करायच्या, हे मला खूप उशिरा कळलं. चर्चनंतर घरी यायच्या आणि सोमवारची वाट बघायच्या. एवढंच.

चौसष्ट सालच्या मार्चमध्ये डेलाला टेलिव्हिजनवरच्या एका दुपारच्या कार्यक्रमात बोलावणं आलं. बायकांचा कार्यक्रम होता, सगळा देश बघायचा. त्यासाठी मिस लिओन्टीननी तांब्याच्या रंगाचा गाऊन केला. पडद्यावर रंग दिसत नाही, मग एवढा जीव का ओतताय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गाऊनमधल्या बाईला तर दिसतो. तीन आठवडे गेले. शेवटच्या दिवशी कड दुमडून माझ्या बोटांना फोड आले.

टेलिव्हिजन होता मिसेस क्रेटनच्या केस करायच्या दुकानात. त्या दुपारी आम्ही काम बंद ठेवून सगळ्या तिथे गेलो. मिस्टर प्रिओलोसुद्धा काळा कोट घालून दारात उभे. मिस लिओन्टीनना सगळ्यात पुढची खुर्ची दिली. त्यांनी त्या दिवशी करडा झगा काढून निळा पोशाख घातला होता, विकत आणलेला. डेला आली, गायली. मला वाटतं तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं गाणं. मग ती सूत्रधाराशेजारी कोचावर बसली. त्याने गाऊनची तारीफ केली आणि विचारलं, हे अद्भुत वस्त्र कोणी बनवलं?

मिसेस क्रेटननी मिस लिओन्टीनचा खांदा दाबला.

डेला हसली. मान जरा कलती करून म्हणाली, पॅरिसहून येतं. तिथे एक छोटं घराणं आहे, माझ्यासाठीच करतात.

सूत्रधार वा वा म्हणाला आणि साबणाची जाहिरात सुरू झाली.  दुकानात केस वाळवायच्या यंत्राची घरघर तेवढी. कोणीतरी पुढे होऊन टेलिव्हिजन बंद केला. मिस लिओन्टीन उठल्या, मिसेस क्रेटनचे आभार मानले आणि आम्हाला म्हणाल्या की मिसेस डॉकेटच्या पोशाखाच्या बाह्या आजच्या आज लागायला हव्यात. आम्ही त्यांच्या मागून रस्त्याने आलो.  बाह्या त्या दिवशीच लागल्या.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. मला वाटलं, आज त्यांनी एकटं असू नये. गेले तर तांबडा भात शिजत होता, नेहमीएवढाच. पुतळ्यावर डेलाचा पुढचा गाऊन चढवलेला, गडद जांभळा. दोन वाजता डेला आली, फरचा कोट घालून, नेहमीसारखी गालाला गाल लावत. जेवली. गमती सांगितल्या, पण एकटीच हसली. मग झगा उतरवून स्टुलावर उभी राहिली आणि मिस लिओन्टीन टाचण्या लावायला लागल्या.

“तुम्ही पाहिलंत ना परवा?” डेलानेच विषय काढला.

“पाहिलं. हात वर कर.”

“मला एजंटने बजावलं होतं, मिस लिओन्टीन. तो म्हणाला, हार्लेमचं नाव घेशील तर हार्लेमपुरतीच राहशील. पॅरिस म्हटलं की त्या लोकांची बघायची नजरच बदलते. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर त्यांच्यात तेरा वर्षं काढलीत.”

“काढली.”

“मग? एका वाक्याचं तर काम होतं.”

“हो ना,” मिस लिओन्टीन म्हणाल्या. “एकाच वाक्याचं काम होतं.”

 मी खिडकीशी टाचण्या निवडत होते, त्या तशाच निवडत राहिले. मिस लिओन्टीननी सगळी उंची टाचून घेतली, मागे सरून बघितलं, एक टाचणी काढून पुन्हा लावली. मग शांतपणे म्हणाल्या, “हा शनिवारी मॉझेल पोचवेल. पुढचा पॅरिसहून मागव.”

आधी डेलाला ती थट्टा वाटली. मग कळलं तशी ती स्टुलावरून उतरली.  पुढे जे बोलली ते बोलायचं तिच्याही मनात नव्हतं, असं मी आजही धरून चालते.

“मी नसते तर तुमची शिलाई बघितली असती कोणी? कोणी बघितली असती? खाली पेट्यांत निजलेल्यांनी?”

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मिस्टर प्रिओलोंकडच्या मयत बायकांचे शेवटचे पोशाख आम्हीच शिवायचो.

मिस लिओन्टीननी मनगटावरची टाचण्यांची गादी सोडली आणि टेबलावर ठेवली. “त्यांनी कधी दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या.

डेला कोट चढवून गेली. उरलेला भात मिस लिओन्टीननी मला डब्यात भरून दिला. माझ्या पोरांना आवडतो म्हणून. शनिवारी मी जांभळा गाऊन तिच्या हॉटेलवर नेऊन दिला. दार तिच्या सेक्रेटरीने उघडलं.

त्यानंतर डेलाचे गाऊन खरोखरच पॅरिसहून यायला लागले. फोटोत मी बघायचे. सुंदर असायचे, पण ते खांदे सरळ असलेल्या बाईसाठी शिवलेले. डेला आता नेहमी उजवी बाजू पुढे करून उभी राहायला लागली. लोकांना ती ऐट वाटली.

आणि आमच्या खोलीत रविवार मोकळा झाला. चर्चमधल्या बायकांनी मिस लिओन्टीनना घरी बोलवायचा सपाटा लावला, कारण घडलेलं सगळ्यांना माहीत होतं. त्या नम्रपणे नाही म्हणायच्या. एकदा मी हट्टच धरला तेव्हा आमच्याकडे जेवायला आल्या. कोट न काढताच बसल्या. माझ्या नवऱ्याने बेसबॉलच्या गोष्टी सांगितल्या, मुलींनी नाचून दाखवलं, त्यांनी सगळ्याचं कौतुक केलं. अर्ध्या तासाने घड्याळाकडे बघून म्हणाल्या, मला जायला हवं, कोणी येईल. कोणी येणार नव्हतं हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवलं. पुढे त्या रविवारीसुद्धा मशीन चालवायला लागल्या. खाली रस्त्यावर त्याचा आवाज यायचा आणि आमच्या पाद्रीबाबांच्या बायकोला ते फार लागलं. पण तोंडावर बोलायची हिंमत कोणी केली नाही.

काळ बदलत गेला. मुलींनी केस मोकळे वाढवले, लांब गाऊन म्हाताऱ्यांचे झाले. तीन मशीनवरून दोन राहिली, शिवणाऱ्या आम्ही दोघी. एकोणसत्तर साली एक चांगली गोष्ट घडेल असं वाटलं. शहराच्या मध्यभागातल्या एका मोठ्या दुकानाला काळे डिझायनर हवे होते. त्या वर्षी सगळ्यांनाच हवे होते. कोणीतरी मिस लिओन्टीनचं नाव सुचवलं. त्यांनी नऊ गाऊन तयार केले, नऊच, चार महिने राबून. खोकी घेऊन मी बरोबर गेले. पुढच्या दाराने आत गेलो, माणसांच्या लिफ्टने वर गेलो. मिस लिओन्टीननी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून भुवई किंचित उडवली. तेवढाच आनंद.

खरेदी बघणारी बाई तरुण होती, गोरी, अगदी सभ्य. कॉफी दिली. तिने एकेक गाऊन प्रकाशात धरून बघितला, आतली शिलाईसुद्धा उलटून बघितली, आणि तिला कळत होतं ती काय बघतेय ते. शेवटी म्हणाली की काम निव्वळ अप्रतिम आहे. पण हे तर डेला फेन्विकचं आहे. हे पॅरिसने करून झालं. आम्हाला तुमचं स्वतःचं काहीतरी हवं, तुमच्या लोकांचं. आफ्रिकी छापाचं कापड, भडक रंग, असं काही.

मी तोंड उघडलं. मिस लिओन्टीननी माझं कोपर धरलं. त्यांनी तिचे आभार मानले आणि नऊही गाऊन एकेक करून कागदात घडी घातले. मध्ये चूण मोडू नये म्हणून गुंडाळलेला कागद ठेवायचा असतो, तोसुद्धा विसरल्या नाहीत. बाईला काहीतरी खटकलं असावं. दारापर्यंत येऊन ती म्हणाली की मिस फेन्विक यांचं एखादं पत्र वगैरे असेल तुमच्याकडे, तर गोष्ट वेगळी होईल.

रस्त्यावर आल्यावर मी रडायला लागले. तुम्ही सांगितलं का नाहीत, मला का थांबवलंत, असं मी बरंच बोलले.

“काय सांगणार होतीस?” त्या म्हणाल्या. “एका शिवणारणीच्या बाजूने साक्ष द्यायला दुसरी शिवणारीण. चल, बस येतेय.”

त्या डेलाला लिहिणार नाहीत हे मला दिसत होतं. म्हणून मी लिहिलं, त्यांना न सांगता. दोन पानं. फक्त खरं काय ते लिहून दे, तुझं काही जाणार नाही, असं. सहा आठवड्यांनी पाकीट आलं. मी जिन्यातच फोडलं. आत डेलाचा फोटो होता, छापील, तसे ती चाहत्यांना पाठवायची. खाली शाईने लिहिलं होतं, ‘प्रिय मॉझेलला, प्रेमाने, डेला’. दुसरं काही नाही. मी तो घरी नेऊन कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि कोणाला बोलले नाही. दुकानाकडून पुन्हा विचारणा आली नाही. ते नऊ गाऊन आमच्या चर्चमधल्या नऊ जणींनी नेले, आणि मला वाटतं त्या वर्षी ईस्टरला आमच्यासारखं नटलेलं चर्च साऱ्या न्यूयॉर्कात नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली मिस लिओन्टीनची बोटं वाकडी व्हायला लागली. कात्री धरवेना. मशीनं विकली, पुढची खोली मिस्टर प्रिओलोंच्या मुलाला गोदामासाठी दिली आणि त्या मागच्या खोलीत राहिल्या. मी एका कारखान्यात कामाला लागले. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे. आम्ही फारसं बोलत नसू. मी काही उसवत किंवा रफू करत बसायचे आणि त्या बघायच्या. मधेच म्हणायच्या, टाका ओढू नकोस.

शहात्तरच्या सप्टेंबरात, एका रविवारी दुपारी, मी तिथे असतानाच दार वाजलं. डेला होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. अंगाने भरलेली, गळ्याला रेशमी रुमाल. बोलली तेव्हा आवाज घोगरा, कुठून तरी खोलातून आल्यासारखा. गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. रुमालाखाली वण होता. तीन वर्षांत तिची एकही तबकडी आली नव्हती हे आम्हाला माहीत होतं, पण कारण माहीत नव्हतं. ती दारातच उभी राहून म्हणाली की आपल्या चर्चला साठ वर्षं होताहेत, त्यांनी मला दोन गाणी म्हणायला सांगितलंय, आणि मला तुमच्याकडून एक गाऊन हवाय.

 मिस लिओन्टीननी आपले दोन्ही हात उचलून तिला दाखवले.

डेलाने ते हात धरले.  मला वाटलं आता दोघी रडतील, पण मिस लिओन्टीन म्हणाल्या, “कापायला मॉझेल आहे. तू रुमाल काढ, गळा किती झाकायचा ते बघू दे.”

चार रविवार लागले. टेबल नव्हतं, पलंगावर कापड पसरलं. त्या खुर्चीत बसून बोटाने हवेत रेघ दाखवायच्या आणि मी कापायचे. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढूनही मी प्रत्येक रेघ दोनदा विचारून कापत होते. दुसऱ्या रविवारी, डेला माप द्यायला उभी असताना, मिस लिओन्टीन अगदी सहज म्हणाल्या, “एकोणसत्तर साली मी तुला पत्र लिहिलं होतं.”

माझी कात्री थांबली.

डेलाने आठवून पाहिलं. मला नाही मिळालं, म्हणाली.

“उत्तर आलं होतं की.” मिस लिओन्टीननी उशीखालच्या बायबलमधून एक फोटो काढला. मला आला होता तसाच छापील. ‘प्रिय लिओन्टीनला, प्रेमाने, डेला’. त्यांना लिओन्टीन अशी नुसती हाक डेलाने जन्मात कधी मारली नव्हती.

डेलाने फोटो उजेडात धरला. “ही माझी सही नाही,” ती म्हणाली. “टपाल ती सेक्रेटरी मुलगी बघायची. पोतीच्या पोती यायचं. माझ्यापर्यंत काही येतच नसे.”

“ते मला दिसलं. तू ‘डी’ असा काढत नाहीस.”

“मग तुम्ही पुन्हा का नाही लिहिलंत?”

मिस लिओन्टीननी फोटो परत घेऊन बायबलात ठेवला. “आणि तो तुझाच ‘डी’ निघाला असता तर?” त्या म्हणाल्या.

मी माझ्या फोटोबद्दल तेव्हाही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, कोण जाणे. त्या सात वर्षं आपल्या उशीखाली तो फोटो घेऊन निजत होत्या आणि मी माझा कपड्यांखाली घेऊन. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून आम्ही टाक्यांबद्दल बोलत होतो.

चर्चचा समारंभ तळघरातल्या सभागृहात होता. घडीच्या खुर्च्या, कागदी झालरी, कोंबडी आणि केकचा वास. माणसं चाळीस-पन्नास, बहुतेक साठीच्या पुढची. डेला राखाडी गाऊनमध्ये पुढे आली. गळ्यापाशी कापड असं उभं केलं होतं की वण दिसत नव्हता आणि डावा खांदा आपल्या जागी होता. पहिलं गाणं तिने जवळजवळ बोलूनच म्हटलं. वरचे स्वर ती पियानोवर सोडून देत होती. दुसऱ्याच्या आधी ती थांबली आणि म्हणाली, “हा गाऊन मिस लिओन्टीन गिल्यार्ड यांचा आहे. पहिली सात वर्षं माझे सगळेच त्यांचे होते. मी टेलिव्हिजनवर वेगळं सांगितलं होतं. ते खोटं होतं.”

लोकांनी माना डोलावल्या. मागून कोणी तरी म्हणालं, आम्हाला ठाऊक आहे, सिस्टर, तू गा. ते प्रेमानेच म्हटलं होतं. तिथे वर्तमानपत्रवाला नव्हता, कॅमेरा नव्हता. त्या तळघरात जेवढी माणसं होती, त्यातल्या प्रत्येकाला ते बारा वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यातलं तिथे कोणीच नव्हतं. डेलाच्या चेहऱ्यावर मला ते कळल्यासारखं दिसलं. मग ती गायला लागली.

मिस लिओन्टीन माझ्या शेजारी बसल्या होत्या. समोर बघत होत्या. एक हातमोजा त्यांनी काढला आणि मग तोच पुन्हा चढवायचा प्रयत्न करत राहिल्या. मी मदत केली. घरी जाताना १३८व्या रस्त्याच्या वळणावर त्या एवढंच म्हणाल्या, “तिने नाव नीट उच्चारलं.” आमच्याकडे उत्तरेत सगळे ते स्पेलिंग बघून गेलार्ड म्हणतात. चार्ल्स्टनचे लोक तेवढे गिल्यार्ड म्हणतात.

मला वाटलं होतं, आता डेला पुन्हा रविवारची यायला लागेल. ती दोनदा आली. मग भाचीकडे बाल्टिमोरला राहायला गेली. पत्रं यायची, तिच्या स्वतःच्या अक्षरात, थोडक्यात. मिस लिओन्टीन मला वाचून दाखवायला सांगायच्या आणि उत्तर मात्र लिहू द्यायच्या नाहीत. हाताने लिहवत नाही, आणि दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, त्या गेल्या. मिस्टर प्रिओलोंच्या मुलाने सगळं आपणहून केलं. डेला आजारी होती, येऊ शकली नाही. त्यांच्या अंगावर काय घालायचं हा प्रश्न आला, कारण कपाटात करडे झगे आणि तो एक विकतचा निळा पोशाख. मी दोन दिवस रजा घेऊन पांढऱ्या क्रेपचा गाऊन शिवला. चूण घातली नाही. त्यांचे खांदे सरळ होते.

खोली मोकळी करताना पलंगाखाली पुठ्ठ्याच्या सतरा पेट्या निघाल्या. कापायचे कागदी नमुने, वीस-पंचवीस वर्षांचे, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, आणि कुठे कोणाची पाठ वाकलेली, कोणाचं एक पाऊल मोठं, असं बारीक लिहिलेलं. डेलाची पेटी वेगळी होती. माझ्या जावयाच्या गाडीतून मी त्या पेट्या शिवणकाम शिकवणाऱ्या एका कॉलेजात नेल्या. तिथली शिक्षिका आपल्यातलीच होती, तिशीची असेल. पेट्या कुठे ठेवायच्या हे ती आधी नुसतं सांगत होती. मग एक नमुना उलगडून तिने टेबलावर पसरला, हात कमरेवर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली, आणि तिने मला खुर्ची दिली.

हे कोणाचं काम, तिने विचारलं. मी सांगायला लागले. मध्येच तिने वही आणली. वर्गात मुली आल्या, टेबलाभोवती उभ्या राहिल्या, त्यांचीही एकेक शंका. सांगून संपलं तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि जावई केव्हाच कामावर गेला होता. मी बसने परत निघाले. खिडकीशी बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मांडीवर धरायला काहीच नाही. कापड नाही, डबा नाही, पेटी नाही. ९६व्या रस्त्यापुढे बस रिकामी होत गेली. मी हातांची घडी घालून बसून राहिले.